साठ मिनिटांचा काळवीट

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी हजेरीची यादी प्राणिशास्त्र विभागाच्या फळ्यावर लागली, तेव्हा तिच्यात तीन नावं तांबड्या शाईत होती. त्यातल्या एका मुलीचं लग्न झालं होतं, एक मुलगा पोलीस भरतीत निवडून गेला होता, आणि तिसरा मी. म्हणजे लग्न न करता, भरती न होता, रोज कॉलेजात येऊनही गैरहजर राहणारा मी वर्गातला एकटाच. मी येत होतो हे कोणीही सांगेल. पण आमच्या गेटातून आत आलं की डावीकडं वर्ग आणि उजवीकडं कँटीन. आता शुभकार्याला निघालेल्या माणसानं डावीकडं कसं वळायचं, हा माझा तेव्हाचा युक्तिवाद होता. सरांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

आमचे सर कधी ओरडायचे नाहीत. ओरडणाऱ्या माणसाचं काहीतरी करता येतं. न ओरडणाऱ्याचं काही करता येत नाही. ते म्हणाले, "हजेरीचं मी बघतो. अभयारण्याच्या सहलीला ये आणि निरीक्षणाची वही पूर्ण करून दे. त्यातला एक कागद जरी अपुरा निघाला, तरी प्रात्यक्षिक परीक्षेला बसवणार नाही."

प्रात्यक्षिक नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर काय, हे आमच्या घरी आधीच ठरलं होतं. वडील एका कचेरीत कारकून. त्यांना कुठलीही गोष्ट आधी ठरवून ठेवायची सवय. "मामाच्या दुकानात बसायचं," ते म्हणाले होते, "तिथं मात्र हजेरी रोज लागते." मामाचं चादरीचं दुकान होतं. चादरीशी माझं वैर नाही. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला ते परवडतही नाही. पण मी सुट्टीत तिथं बसलेलो होतो. गिऱ्हाईक चाळीस चादरी उलगडायला लावतं, प्रत्येकीचा कोपरा चोळून बघतं आणि दोन नॅपकिन घेऊन जातं. मग त्या चाळीस चादरींच्या घड्या घालायला एक भाचा लागतो. पुढं तीन दिवस मी काळविटाच्या मागं जो लागलो, त्यात विज्ञानाची ओढ किती होती आणि त्या चाळीस घड्या किती, हे मी अजून कोणाला खरं सांगितलेलं नाही.

सहल फार लांबची नव्हती. सोलापुरातून बसनं तास-पाऊण तासावर माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. पण अभयारण्य म्हटल्यावर माझ्या डोक्यात झाडी, ओढे, वेली असलं काहीतरी होतं. उतरून बघतो तर आडवंतिडवं पसरलेलं वाळकं गवत. मधेच एखादी बाभूळ, तीही चुकून आल्यासारखी.

"सर, जंगल कुठून सुरू होतं?" मी विचारलं.

"तू त्यातच उभा आहेस," सर म्हणाले. "फक्त ते गुडघ्याएवढं आहे."

मग त्यांनी सगळ्यांना गोळा करून एकच सूचना दिली. "माळढोक आता नावालाच उरलाय, तो दिसणार नाही. कोणी येऊन मला माळढोक दिसला म्हणालं, तर मी आधी त्याचा चष्मा तपासेन. आपण काळवीट बघायला आलोय."

काम ऐकायला अगदी सोपं होतं. प्रत्येकाला एक कागद. त्यावर साठ रकाने, मिनिटाला एक. एक काळवीट निवडायचा आणि तासभर त्याच्यावरून नजर काढायची नाही. दर मिनिटाला तो काय करतोय त्याचं एक अक्षर रकान्यात लिहायचं: चरतोय तर च, उभा असेल तर उ, बसला तर ब, रवंथाला र, पळाला तर प. काही वेगळं घडलं तर अक्षरापुढं शेरा. प्राणी नजरेआड झाला की कागद रद्द, दुसरा घ्यायचा, पहिल्या मिनिटापासून.

तयारीत मी कुठंही कमी पडलो नव्हतो. नव्या पेठेतून मिलिटरी छापाची पँट, तसलाच शर्ट आणि तसलीच टोपी घेतली होती. बूट तेवढे पांढरे होते. पहाटे हा सगळा सरंजाम चढवून मी माळावर उतरलो. पौषातला माळ पार पिवळा पडलेला, आणि माझ्या अंगावर मलबारच्या जंगलाला शोभेल असा हिरवागार छाप. सर मला दुर्बिणीतून बघत होते. दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, "या माळावर एवढं एकच हिरवं झाड आहे, आणि तेही चालतंय."

माझ्या पहिल्या कागदावर दोनच अक्षरं आहेत. पहिल्या मिनिटाला उ आणि दुसऱ्या मिनिटाला प.

दुसऱ्या कागदावरही तीच दोन अक्षरं आहेत. तिसऱ्याला मी युक्ती बदलली. वाऱ्याची दिशा बघितली, पालथा पडलो आणि कोपरांवर सरपटत निघालो. माळावरच्या गवताला कुसळं असतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण ती कापडातून आत शिरतात आणि परत फिरत नाहीत, हे पुस्तकात नव्हतं. शंभर-दीडशे पावलं मी असा गेलो असेन. तेवढ्यात कुठूनशी एक टिटवी उठली आणि बरोबर माझ्या डोक्यावर फेऱ्या मारत कोकलायला लागली. मी डोकं वर काढलं तेव्हा काळविटांचा कळप क्षितिजावर होता, आणि अख्खा माळ माझ्याकडं बघत होता.

माझा जोडीदार पूर्व भागातला, विणकराच्या घरचा. घरी तेलुगू, गल्लीत दख्खनी आणि माझ्याशी अस्सल सोलापुरी बोलणारा. त्यानं पहिल्याच सकाळी तास पुरा केला होता. काही न करता. पाय दुखतात म्हणून बाभळीखाली बसला, आणि एक नर आपण होऊन त्याच्यासमोर चरायला आला.

"काय करायलास बे?" माझ्या पाठीतली कुसळं उपटत तो म्हणाला. "काळवीट बघायलास का वावर नांगरायलास?"

"तुझं नशीब आहे."

"नशीब न्हाय बे. मी त्याच्या मागं लागलो नव्हतो."

हे ज्ञान मी त्याच वेळी घेतलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मित्राकडून ज्ञान घ्यायची आमच्याकडं पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी साधे कपडे घालून तसाच सरपटलो, आणि सकाळभरात आणखी पाच कागद वाया गेले. दुपारी, आम्ही उतरलो होतो त्या गावातल्या शाळेत, सगळे जेवून लवंडले असताना माझ्यातला कँटीनवाला विद्यार्थी जागा झाला. जोडीदाराचा कागद त्याच्या उशाशी होता. त्यावरची पहिली तीस मिनिटं मी उतरून घेतली. सगळाच उतरवला तर पकडला जाईन, एवढी अक्कल मला होती. म्हणून उरलेली तीस वर्गातल्या एका हुशार मुलीच्या कागदावरून, शेऱ्यांसकट, डोळे झाकून घेतली. तिनं कागद मागितल्याबरोबर दिला. मी तिला नीटनेटकेपणा शिकायचाय असं सांगितलं होतं. वर्णनाच्या रकान्यात मी लिहिलं: पूर्ण वाढलेला नर, काळी पाठ, पिळदार शिंगं. ते मात्र माझं स्वतःचं होतं. आठ वेळा पळताना बघितलेली पाठ माझ्या चांगलीच लक्षात राहिली होती.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर चहा घेत सर सगळ्यांचे कागद वाचत होते. माझा हातात घेतल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"हा कागद मोठ्यानं वाचतो," ते म्हणाले. मला वाटलं, कौतुक आहे. मी बशी खाली ठेवून नीट बसलो.

"पूर्ण वाढलेला नर. काळी पाठ. पिळदार शिंगं. उत्तम वर्णन. आठ मिनिटं चरतो. मग उभा राहून दुसऱ्या नराला शिंगं दाखवतो. छान. एकतिसाव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक आहे." सरांनी चहाचा घोट घेतला. "बत्तिसाव्या मिनिटाला पिल्लू येतं. तेहतिसाव्या मिनिटाला हा नर त्या पिल्लाला दूध पाजतो. चौतीस, पस्तीस, छत्तीस, पाजतोच आहे. मग त्याला चाटतो आणि पुन्हा पाजतो."

त्या हुशार मुलीनं मादी बघितली होती. माझ्याशिवाय हे सगळ्यांना माहीत होतं.

ओसरीवरचं हसणं थांबायला किती वेळ लागला ते सांगत नाही. सर हसले नव्हते. त्यांनी कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. "हा प्राणी शास्त्राला नवा आहे," ते म्हणाले. "उद्या बारापर्यंत मला त्याच्याबद्दल खरं काय ते लिहून दे. नाहीतर मामाला कळव, जागा राखून ठेव म्हणावं." मामाच्या दुकानाची गोष्ट मीच त्यांना रडक्या चेहऱ्यानं सांगितली होती, दया यावी म्हणून.

झोपताना जोडीदार फक्त एवढंच म्हणाला, "माझ्या काळविटाला पोर लावलंस बे."

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांची परवानगी घेऊन मी एकटाच निघालो. अभयारण्याच्या कुंपणाबाहेर, टेहळणीच्या मनोऱ्यावरून दिसेल अशा अंतरावर, एक मोकळं रान होतं. काळवीट तिथं पहाटेपासून येतात असं गावात कळलं होतं. अंगावर तोच हिरवा छाप, कारण दुसरे कपडे कुसळांनी भरले होते. रानात पन्नास-साठ मेंढरं चरत होती आणि त्यांच्यामधे एक मावशी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. आणि तिच्या मेंढरांपासून जेमतेम चाळीस पावलांवर काळविटांचा कळप चरत होता, जसे शेजारी एकाच नळावर पाणी भरायला आलेत.

"काय हरवलंय का रं?" मावशीनं विचारलं.

"नाही मावशी. काळवीट बघायचाय."

"मग बग की. हितंच हाय न्हवं." तिनं माझ्या टोपीपासून बुटापर्यंत नजर फिरवली. "मिलट्रीतला हाईस व्हय?"

"कॉलेजातला."

"व्हय? काल तूच हुतास न्हवं त्यो, पोटावर सरपटणारा? मला वाटलं, पोरगं पोटात दुखून लोळतंय. हाक मारणार हुते, पर तू लईच लांब गेलास."

मी तिला सगळं सांगितलं. साठ रकाने, बाराची वेळ, मामाची चादर. पिल्लाला पाजणारा नर सोडून सगळं. ती सांगोल्याकडची. मालक बाजाराला गेले होते म्हणून त्या दिवशी मेंढरांमागं एकटीच होती. ती सगळं ऐकून म्हणाली, "तुझ्या कापडाला न्हाय भीत ती. तू सरळ चालत जातूस त्येंच्यावर, त्येला भीत्यात. लांडगा सरळ जातूया. मेंढरू कंदी सरळ गेलंय व्हय? हितं तोंड घालतंय, तितं तोंड घालतंय, आन् कवातरी पोचतंय. तुला कायबी नको असल्यावानी जायाचं."

मग तिनं खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. त्याला मेंढरांचा आणि धुराचा वास येत होता. त्या वासाखाली माझा मिलिटरी छाप दिसेनासा झाला.

पण घोंगडं फुकट मिळालं नव्हतं. "माझी एक मेंढी अडलीया," ती म्हणाली. "पहाटंपासनं तटून हाय. मी तिच्यापाशी बसते. तू हितं बसून तुझं काय लिवायचं त्ये लीव, पर मेंढरांकडं ध्यान ठेव. त्यो हरभरा दिसतूय का? त्यात एक बी तोंड जाऊ देऊ नगंस. ज्येचा हरभरा हाय त्येनंच आमाला ह्या रानात बसायला जागा दिलीया. पीक मोडलं तर आजच्या आज हितनं उठावं लागंल. ल्हान कोकरं हायती, कुटं जाऊ घिऊन?"

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात अनेकांना म्हटलं आहे आणि त्यातल्या बहुतेकांना नंतर काळजी करावी लागली आहे.

मी तिनं सांगितल्यासारखा गेलो. दोन पावलं इकडं, तीन तिकडं, मधेच वाकून खडा उचलायचा, मधेच माघारी यायचं. मेंढरांच्या मधोमध बसलो, घोंगडं डोक्यावरून घेतलं, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं आणि एक नर निवडला. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

पहिल्या रकान्यात मी च लिहिला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तोवर काळवीट म्हणजे माझ्या लेखी लांब जाणारं पांढरं बूड होतं. आता त्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं दिसत होतं, गवत तोडताना होणारा कुरकुर आवाज येत होता. मधे त्यानं एका मादीसमोर नाक वर करून, शिंगं पाठीला टेकवून, रुबाबात एक फेरी मारली. मादीनं ढुंकूनही बघितलं नाही. तेव्हा तो जणू आपण सहज पाय मोकळे करत होतो असं दाखवून पुन्हा चरायला लागला. कँटीनसमोर हा प्रकार मी अनेकदा जवळून पाहिला आहे. काही वेळा फेरी मारणारा मीच होतो. त्या मिनिटाला कुठलं अक्षर लिहायचं ते कळेना. मी उ लिहिला.

चाळीस मिनिटं झाली तसा मी मनातल्या मनात एम.एस्सी. झालो. पंचेचाळिसाव्या मिनिटाला मेंढरांतल्या दोघीतिघींनी हरभऱ्याकडं तोंड केलं.

मी ताबडतोब उठलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी उठलो नाही. मी पंचेचाळिसाव्या रकान्यात च लिहिला. मेंढ्या सात-आठ झाल्या. मी सेहेचाळिसाव्यातही च लिहिला. मनात म्हटलं, मेंढरू कधी सरळ जात नाही, मावशीनंच सांगितलंय. तोंडं घालत घालत हरभऱ्यापर्यंत पोचायला त्यांना चौदा मिनिटं सहज लागतील. पण हिरव्या हरभऱ्याचा वास आला की मेंढरू अगदी सरळ जातं. त्या माळावर तेवढी एकच सरळ रेषा होती.

मी वळून मावशीकडं बघितलं. ती बांधाआड मेंढीपाशी गुडघ्यावर बसली होती, पाठमोरी. एकदाही मागं वळून बघत नव्हती. मी तिला काळजी करू नका म्हटलं होतं, आणि तिनं खरोखरच काळजी सोडून दिली होती.

मग मात्र मी उठलो. घोंगड्यात पाय अडकून आधी पडलो आणि मग धावलो. काळवीट उडाले, ते कुठल्या दिशेनं हे मला बघता आलं नाही. मेंढरं हाकताना काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मी आधी "अहो", मग "ए", मग घरी कोंबड्यांना म्हणतात ते सगळं म्हणून बघितलं. मेंढ्यांना मी कळलो नाही, पण मेंढ्याला कळलो. कळपातला शिंगाळा मेंढा मागून आला आणि त्यानं मला असं काही हाणलं की हरभऱ्याच्या बांधावर, मेंढ्यांच्या आणि पिकाच्या बरोबर मधे, मी चारी हातपाय पसरून पडलो. जागा अगदी योग्य होती. मेंढ्या माझ्यासमोर थबकल्या, मी घोंगडं फडकावलं आणि त्या एकदाच्या वळल्या.

मावशी आली तेव्हा तिच्या हातात ओलं कोकरू होतं. "सुटली," ती म्हणाली. मग बांधाकडं बघून तिनं खुडलेली झाडं मोजली. "चार. माझी मीच सांगते त्येला. चार झाडांचं ऐकून घील त्यो." तिनं माझ्या हाताखाली चुरगळलेल्या कागदाकडं बघितलं. "तुझं झालं का?"

"सेहेचाळीस झाले."

"किती लागत्यात?"

"साठ."

कोकराचं नाक तिनं पदरानं पुसलं.

सर मनोऱ्याखाली होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. सत्तेचाळिसाव्या रकान्यात प होता आणि पुढं लिहिलं होतं: कारण, निरीक्षक पळाला. सरांनी विचारलं, का पळाला. मी सांगितलं. या वेळी पंचेचाळीस आणि सेहेचाळीस या दोन मिनिटांत मी काय करत होतो तेही सांगितलं, कारण सर मनोऱ्यावरून दुर्बिणीतून बघत असणार याची मला धास्ती होती. नंतर कळलं, ते त्या वेळी कांदेपोहे खात होते.

"तास साठ मिनिटांचा असतो," सर म्हणाले.

"हो सर."

"हा कागद अपुरा आहे."

"हो सर."

त्यांनी घड्याळ बघितलं. साडेदहा झाले होते. "बस बाराला सुटणार. उशीर झाला तर मुलांना मी आवरतो, ड्रायव्हरला मी आवरतो. तू फक्त काळवीट आवर."

मी परत रानात गेलो. मावशीनं मला बघून काही न विचारता मेंढरं हळूहळू माळाच्या अंगाला पसरवली, हरभऱ्याकडं पाठ करून, आणि स्वतः बांधावर जाऊन बसली. "आता तू हितनं हलायचं न्हाय," ती म्हणाली. "मेंढरांचं मी बगते." मी मेंढरांमधे घोंगडं पांघरून बसलो. अकरा वाजले. सव्वाअकरा. काळविटांचा पत्ता नव्हता. शिंगाळा मेंढा दोनदा माझी चौकशी करून गेला. बाराला वीस कमी असताना कळप आला, एकेक करून, कुठं जायची घाई नसल्यासारखा. सकाळचाच नर होता की दुसरा, ते मला सांगता येणार नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी पहिल्या रकान्यात च लिहिला.

बारा वाजून गेले. रस्त्यावर बस उभी होती आणि तिच्या खिडक्यांतून तीस डोकी माझ्या दिशेला वळली होती. बारा वीसला माझा जोडीदार मला आणायला रानात शिरला आणि सरळ आमच्याकडं यायला लागला. मावशी बांधावरून दबक्या आवाजात म्हणाली, "ए पोरा, वाकडा चाल."

तो थांबला. "काय?"

"वाकडा चाल म्हनते न्हवं."

त्यानं तिच्या हातातली काठी बघितली आणि वाकडा चालायला लागला. दोन पावलं इकडं, तीन तिकडं, एकदा उगाच वाकून खडा उचलून. बसमधून ते काय दिसलं असेल ते त्या मुलांनी मला नंतर पुष्कळ वेळा करून दाखवलं. शेवटी तो मेंढरांत शिरून माझ्याशेजारी येऊन बसला.

"किती राहिले बे?" तो कुजबुजला.

"नऊ."

"पोरं तुला मारनार हायत. बिस्किटं बी संपली. ड्रायव्हर हॉर्न वाजवनार होता, सर त्याच्या शेजारी जाऊन बसले."

"मग?"

"मग काय. हात धरून बसलेत त्याचा."

बावन्नाव्या मिनिटाला नर बसला. त्रेपन्नपासून रवंथ. र, र, र. माझ्या आयुष्यात एवढं सुंदर अक्षर मी कधी काढलेलं नाही. साठाव्या मिनिटाला शेवटचा र लिहिला, पेनचं टोपण लावलं आणि जोडीदाराला म्हणालो, "झालं."

"चल मग."

"कसा चलू? तो बसलाय."

तो आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर होता, डोळे अर्धे मिटलेले, जबडा हळू फिरत होता. उठलो असतो तर तो उडाला असता. कागद पुरा झाला होता, त्याच्या पळण्यानं आता माझं काहीच बिघडणार नव्हतं, आणि तरी आम्हा दोघांनाही उठवेना. आम्ही बसून राहिलो. मावशी बांधावर तशीच बसलेली. तो आपण होऊन उठला, अंग झटकलं, चार पावलं चरला आणि कळपामागून निघून गेला. त्याला तेवीस मिनिटं लागली. ती कुठल्याही रकान्यात नाहीत.

मी घोंगडं झटकून मावशीला परत दिलं. "काळजी करू नगं," ती म्हणाली. "जा आता पळत. आता पळालास तरी चालतंय."

बसमधे मला कोणी जागा दिली नाही. तीस उपाशी मुलांमधून मी दांडीला धरून सोलापूरपर्यंत उभा आलो, आणि वाटेत प्रत्येकानं मला पुरेसं सुनावलं. त्या हुशार मुलीनं फक्त एवढंच विचारलं, की माझ्या काळविटाला मुलगा झाला की मुलगी. मधेच सरांनी मला पुढं बोलावलं. कागद बघितला, साठही रकाने बोटानं मोजले, अपुरा कागदही त्यालाच जोडायला सांगितला आणि खिशातलं पेन काढून सही केली. नेमकी त्याच क्षणी बस खड्ड्यातून गेली. सरांची सही सुरू झाली कागदाच्या तळाला आणि संपली माझ्या मनगटावर.

प्रात्यक्षिक परीक्षेला मी बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी वही उघडली, ती सही तिरकी करून, मग उलटी करून बघितली आणि माझ्याकडं बघितलं. "ही सही तुमच्या सरांची आहे?"

माझ्या सगळ्या कॉलेजजीवनातला तो एकच कागद असा होता की ज्यात मी एक अक्षरही कोणाचं उतरवलेलं नव्हतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्यावर कोणी विश्वास का ठेवावा याचं एकही कारण मला सुचेना.

शेजारच्या टेबलावरून सर मान वर न करता म्हणाले, "सही माझीच आहे. रस्ता तसा आहे."